आस्करबीचे नाव

आस्करबी, ४ ऑक्टोबर १८७९

ती. हेस्टरआत्यास,
एफ्रेमचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. आजोबांचा दम कसा आहे? त्यांना सांग, चर्चशेजारी त्यांच्यासाठी दफनाची जागा मागितली आहे. आपण या गावचे ठरलो तर मिळेल. सोमवारी पाद्री जुनी नोंदवही काढणार आहेत.

गावाच्या नावातला ‘बी’ म्हणजे जुन्या भाषेत वस्ती, हे आजोबांचे म्हणणे खरे निघाले. समुद्रावरून आलेल्या आस्करने ती वसवली, आपण त्याचेच वंशज, हेही मी अभिमानाने सांगितले. त्यावर खानावळवाला म्हणाला, गावाचे मालकच आले, आता सगळ्यांना बिअर पाजा! सगळे हसले. का, ते कळले नाही.

थडग्याच्या दगडावर कोरायची अक्षरे सोबतच्या कागदावर मांडली आहेत. तीनदा तपासली.

माया आहे तशीच असू दे.

तुझा, एफ्रेम आस्करबी


आस्करबी, ६ ऑक्टोबर

ती. आत्यास, सा. न.

नोंद दोनदा वाचली. मार्च १८०७: चर्चच्या ओसरीत सापडलेला मुलगा, नाव टोबायस, आडनाव गावाचेच. म्हणजे आपले आजोबाच. बेवारशी पोराला गावाचे नाव द्यायची इथली रीत. सातव्या वर्षी खर्च नको म्हणून त्यांना गाडीत घालून तिकडच्या गिरणीत धाडले. तेव्हापासून ते इथले नाहीत; म्हणून जागा नाही.

मी म्हणालो, नाव तर तुमचेच आहे. पाद्री म्हणाले, नाव दिले हे काय थोडे झाले?

चर्चचे आवार अर्धे रिकामे आहे. तिथे पाद्रींची मेंढरे चरतात.

जागा भरल्या, असे आजोबांना सांगशील का? मला खोटे लिहवत नाही. रागावू नकोस.

एफ्रेम आस्करबी


स्टॉकपोर्ट, ९ ऑक्टोबर

चि. एफ्रेम यास, आत्याचे आशीर्वाद.

पत्र लपवणार होते, पण बाबांनी माझा चेहरा पाहिला आणि मोठ्यानं वाच म्हणाले. ऐकून खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, सात वर्षांचा होतो गं, आंधळा नव्हतो. गाडी वेशीबाहेर गेली तरी एकानंही हात हलवला नाही. गिरणीत पोरं विचारायची, तू कुणाचा? मग आस्कर सांगितला. सांगत राहिलो. मरताना तरी घेतात का, एवढंच बघायचं होतं.

काल दुपारी ते गेले. शनिवारी इथेच पुरणार आहोत, तोवर ये.

तुझा कागद पाथरवटाला दिला, पण निम्मा फाडून. बाबांनीच सांगितलं: टोबायस तेवढं कोरा. पुढचं त्या गावाचं आहे, त्यांना परत द्या.

कुणी आपल्यात ठेवो न ठेवो, तू जीव लावून राहा.

तुझी, हेस्टर