नवे बूट, डावा गुडघा

५ नोव्हेंबर १९४९
नवे बूट आले. भिंगारच्या कासिमभाईने केले. घोडदळाच्या साहेबांचे बूट करून बसलेला हात, काम सुरेख. तळव्याला आडवी चामडी पट्टी, मधे खाच. पायडलची कड खाचेत बसते, पाय घसरत नाही. कल्पना कुलकर्ण्यांची, कासिमभाईचं नावही त्यांनीच सुचवलं. आमच्याच शाळेत गणित शिकवतात, वय अठ्ठावीस, शिवाय व्यायामाचं सर्टिफिकेट. त्यांना माझ्या बुटांची एवढी काळजी का?

२८ला शिक्षणखात्याच्या साहेबांबरोबर सायकलवर श्रीगोंदा. गावोगावच्या शाळांसाठी ड्रिल-तपासनीस नेमायचाय. नावं दोनच, मी आणि हेच कुलकर्णी. साहेब स्वतः सायकलवर फिरतात, बरोबरचा मागे पडलेला त्यांना खपत नाही. बावीस वर्षं एकाच पटांगणात ‘एक दोन, एक दोन’ ओरडतोय. हे काम मला हवंय. फार हवंय.

८ नोव्हें.
नागापूरपर्यंत गेलो-आलो. परतताना डावा गुडघा आतल्या बाजूने दुखला. जुन्या वहाणांवर इतकी वर्षं सायकल मारली, कधी नाही.

१० नोव्हें.
आज दोन मैलांतच. सीट खाली केल्यासारखी वाटते. शाळेत माझी सायकल कु.च्या सायकलीला लागून असते. सीटच्या दांडीवर खडूने बारीक खूण केली. कोणाला बोललो नाही.

११ नोव्हें.
खूण जागच्या जागी. म्हणजे जो कोणी आहे तो हुशार आहे.

१२ नोव्हें.
सायकलवाल्या शंकररावाकडे. सीट बोटभर वर, मग परत खाली, मग जरा मागे. “मास्तर, टाच पायडलवर ठिवा. खाली गेल्यावर पाय सरळ झाला का? झाला ना? मंग सीटचा दोष न्हाई.” इतकं ठासून का सांगतो? कु. त्याचंच गिऱ्हाईक.

सौ. म्हणते डॉक्टरांना दाखवा. मुळीच नाही. डॉक्टर वय विचारणार, शेहेचाळीस ऐकून मान हलवणार. नगर केवढंसं. संध्याकाळच्या आत साहेबांच्या कानावर.

१५ नोव्हें.
बुटांच्या टाचा आतल्या बाजूने घासलेल्या. दोन्ही. कोणी कानस मारावी तशा. सौ.ला विचारलं, बुटांना कोणी हात लावला? “त्यांना चोरसुद्धा हात लावायचा नाही.”

शाळेत कु. म्हणाले, “सर, गुडघा कसा आहे?” मी चकार शब्दही काढलेला नाही! घरी येऊन सौ.ला सांगितलं. “अहो, लंगडताय तुम्ही. सगळ्या शाळेला दिसतंय.”
असेल. पण विचारलं त्यांनीच.

१९ नोव्हें.
कासिमभाईकडे भांडायलाच गेलो. म्हटलं, खरं सांगा, पट्टी वाकडी मारायला कोणी सांगितलं? तो चिडला नाही, हेच मला खटकलं. आत गेला, मापाचा कागद घेऊन आला. “तुमी जसं हुबं ऱ्हायलात तशी म्या रेघ मारली. पट्टी त्याच रेघंवर हाय.”

कागदावर माझेच पाय. टाचा जुळलेल्या, चवडे फाकलेले. सावधान! तो माप घ्यायला खाली वाकला आणि मी सवयीने सावधानमध्ये उभा राहिलो. आता आठवतं, छातीसुद्धा काढली होती. म्हणून पायडलवर चवडा सदा बाहेर, टाच सायकलच्या दांड्याला घासते, गुडघ्याला पीळ.

कागद बदललाय असंही क्षणभर मनात आलं. पण करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. ती माझीच.

“मग तेव्हाच विचारलं का नाहीत?”
“म्या समजलो, पायच तसा हाय. कुनाच्या पायाला कशाला नावं ठिवायची?”

मला स्टुलावर बसवलं. पाय लोंबते सोडा म्हणाला. सुटेनात. “सैल, मास्तर, सैल.” तिसऱ्या खेपेला सुटले. जवळजवळ सरळच लोंबतात, डावा किंचित बाहेर. त्याबरहुकूम पट्ट्या नव्याने ठोकून दिल्या. मी रागात काय काय बोललो होतो, त्याचा त्याने उच्चारही केला नाही.

२२ नोव्हें.
नागापूर, पुढे आणखी दोन मैल. गु. गप्प! येताना कु. समोरून सायकलवर. “सर, आज झकास चाललंय!” चेहरा खरोखरच आनंदी होता. लाज वाटली मला. त्यांच्याबद्दल काय काय...
तरी ते त्या रस्त्याला कशाला आले होते? सराव?

२५ नोव्हें.
आज चढावर मुद्दाम जोर लावला. काही नाही. टाचाही घासत नाहीत. शंकररावाला सांगून आलो, सीट तुम्ही बरोबर लावली होती. तो म्हणाला, “मी तेच म्हनत हुतो न्हवं?” सौ. म्हणते, बऱ्याच दिवसांनी आज तुमचं तोंड सुटलं नाही. म्हणजे रागाने.

२७ नोव्हें. रविवार
सायकल पुसली, चेनला तेल. आज विश्रांती. दुपारी मनासारखं जेवलो. पाटावरून उठताना डावा गु. असा चमकला की हात भिंतीला गेला. अनवाणी होतो. बूट ओसरीवर.

सौ. ताट उचलत होती. “काय झालं?”
“पाट डुगडुगतो.”

तिने पाट चारी कोपऱ्यांवर दाबून पाहिला. हलला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाट भिंतीला उभा करून ठेवला. कु.ना कळवायचं का, माझ्याऐवजी तुम्ही जा? छे. एकदाच तर चमकला.

उद्या सकाळी सहाला साहेब माळीवाड्याच्या वेशीपाशी येणार. दुपारपासून खुर्चीवरच बसलोय. पुन्हा मांडी घालून पाहिलेली नाही.