माठातलं मीठ

अमरावती,
१७ मार्च १९६३

प्रिय मनकर्णाताई,

सप्रेम जयभीम. मी बरा आहे. इथे ऊन आतापासूनच चढलं आहे. तू दिलेले सरगुंडे दुधात शिजवून खाल्ले, संपले. देवरावभाऊजींची मिलमधली पाळी आता बदलली असेल.

तू आता स्वतः वाचतेस, म्हणून हे लिहितो आहे. भाऊजींना वाचून दाखवायला सांगू नकोस. सावकाश वाच.

माझं काम तुला ठाऊक आहे. आपल्या गावात आणि दर्यापूरकडच्या आणखी काही गावांत लोकांचा रक्तदाब मोजतो. लकवा कुणाला होतो, का होतो, ते शोधायचं. आपल्या वस्तीत दाब जास्त निघाला, वरच्या आळीत कमी. मला वाटलं, कारण उघड आहे. गोड्या पाण्याची विहीर त्यांची. तिथे आपल्याला कधी दोर टाकू दिला नाही. आपण खारंच प्यालो.

पण आपल्यातले जे तुझ्यासारखे अकोल्याला जाऊन नळाचं पाणी पितात, त्यांचाही दाब तेवढाच निघाला. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "पाणी बदललं, दाब बदलला नाही. तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे ते. तसं लिहून टाका." माणूस वाईट नाही. मी लिहायला बसलोही होतो.

गेल्या आठवड्यात अकोल्यात डोमाजीकाकांकडे गेलो. आपल्या गावचेच, म्हणून त्यांचाही दाब मोजायचा होता. जाईकाकूंनी माझ्यासमोर माठ भरला आणि त्यात मूठभर मीठ टाकलं.

"काकू, हे काय?"

"मीठ व्हय, बापा. नळाचं पानी फिकं लागते. कितीबी प्या, तहानच नाही जात."

काका खाटेवरून हसले. "डाक्टर झाला, अन् मीठ नाही ओळखत. पे चूपचाप."

मी प्यालो. चांगलं लागलं.

मग आपल्या गावच्या इतर घरांत विचारलं. बहुतेकांच्या माठात मीठ होतं. आधी कुणी बोललं नव्हतं, कारण मी फक्त पाणी नळाचं का, एवढंच विचारत होतो. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. म्हणाले, "मीठ सोडायला लावा. मग पुन्हा मोजा."

ताई, तुझ्या घरचं पाणी मला नेहमी गावासारखं लागायचं. जानेवारीत तुझा दाब मोजला तेव्हा मी "थोडा जास्त आहे" म्हणालो. थोडा नव्हता. आईचा शेवटी जेवढा होता, तेवढा आहे.

आईला या पत्रात आणायचं नव्हतं. पण तुझ्या माठाबद्दल लिहायचं तर ती येतेच. गाव सोडून तुझ्याकडे आली तेव्हा तिला नळाचं पाणी गिळवत नव्हतं. "मले हे नको देऊ," म्हणायची. तिच्यासाठी तू मीठ घालून वेगळा माठ मांडलास.

ती लकव्याने गेली, तो लकवा त्यानेच झाला का, असं तू विचारशील. मला माहीत नाही. जन्मभर ती खाऱ्या विहिरीचं प्याली होती. तुझ्याकडच्या मिठाचा वाटा किती, हे कुणाला सांगता येणार नाही. काहीच नव्हता, असं लिहिलं असतं तर तुला झोप लागली असती. पण मग तू मीठही सोडलं नसतंस.

तिने मागितलं, तू दिलंस. जवळ मी असतो तर मीही दिलं असतं. हे तुला आज पटणार नाही.

काकांकडून निघून तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. तिथूनच परत फिरलो. समोर बसून हे बोलता आलं नसतं.

आज माठ उपडा कर. भाजीतही मीठ निम्मं घाल. भाऊजी कुरकुरतील, कुरकुरू दे.

रविवारी यंत्र घेऊन येतो. पत्राला उत्तर लिहू नकोस. आल्यावर माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, पाणीही विचारू नकोस. फक्त हात पुढे कर, दाब मोजू दे.

तू गप्प राहिलीस तरी दर महिन्याला येणारा,
तुझा धाकटा
सूर्यभान