कडेच्या पेशी

१० जाने. १९८३, सोम.
आज हात चुकला आणि बरं झालं. पोस्टमार्टेमच्या महाधमनीचा तुकडा कापताना सुरी घसरली. चरबीच्या गाठीचा मध्य राहिला, कड निघाली. आमच्या विभागाची रीत अशी की सुरीला कडक लागेल तिथंच कापायचं. म्हणून आजवर चरबीच दिसली. मायक्रोस्कोपखाली कडेला मात्र बारीक, गोल, गडद पेशींची गर्दी! लिम्फोसाइट. रोगाशी लढणाऱ्या. यांचं इथं काय काम?

१३ जाने.
विभागप्रमुख सरांना स्लाइड दाखवली. "इन्फेक्शन असणार, बाई. धमनीत कोलेस्टेरॉल साचतं, पाइपात गाळ साचतो तसं. विषय संपला." मिरजेला डॉक्टरांची मीटिंग आहे, तिथं न्यायची नाही म्हणे. नेणार!

२१ जाने.
मेणात बसवलेले जुने तुकडे काढून सगळ्यांच्या कडा कापल्या. बहुतेकांत तेच. शिवाय पेशी एका जातीच्या नाहीत. चरबी खाऊन फुगलेल्या मोठ्या, त्यांना खेटून या बारक्या. सर काहीही म्हणोत, मी बरोबर आहे.
घरी आप्पांना सांगितलं. जिना चढला की त्यांच्या छातीत कळ येते, म्हणून आईनं मटण बंद केलंय. "म्हंजे चरबीचा दोष न्हाय? मग सांग की तुझ्या आईला, पांढरा रस्सा कर म्हणावं!"
चरबीचाही आहे, म्हटलं. तोंड पाडून बसले.

२५ जाने.
कसबा बावड्याला उसाच्या ट्रॉलीखाली गेलेला तरुण. फार वाईट वाटलं. धमनी जवळपास स्वच्छ, एकच पुसट पिवळी रेघ. आणि तिथंही त्या पेशी हजर! म्हणजे गाळ साचल्यावर आलेल्या नव्हेत. सर बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठेनात. मग, "मिरजेला तुम्हीच बोला." बस्स. आणखी काय पाहिजे!

३० जाने., रवि.
उद्या मिरज. स्लाइडी कापसात गुंडाळल्या. आप्पांना समोर बसवून भाषण म्हणून दाखवलं. नीट ऐकलं त्यांनी.
"पेठेत भांडण लागलं की माणसं जमत्यात. निम्मी सोडवायला, निम्मी पेटवायला. ह्या तुझ्या कुठल्या म्हणायच्या?"
इतके दिवस सरांशी भांडले, पण हा प्रश्न मला सुचलाच नाही.
"माझ्या छातीतल्या गं? माझ्या बाजूच्या हायत का न्हाईत?"
"अजून कळलं नाही, आप्पा."
"मग बघ की लौकर," म्हणाले, आणि छातीची गोळी जिभेखाली ठेवली.