बुजवलेली बिळं

सोमवार, ४
नवी नोकरी, नवं घर. घर ओढ्याच्या काठावरच, पंपघराला लागून. खोल्या कोरड्या, उजेड भरपूर. रविवारी बायको आणि मुलगी येतील. त्यांना आवडेल.
एकच घाण. मागचा काठ बिळांनी चाळण झालाय. पाणउंदीर. बोथट नाक, फुगीर गाल, कारकुनी चेहरा. गवताच्या काड्या तिरप्या कातरून जुड्या लावतात आणि सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे बसून खातात.

मंगळवार, ५
पंपचालकाला विचारलं, बिळं आजवर का बुजवली नाहीत. म्हणाला, ते त्यांच्या दारानं जातात, आम्ही आमच्या. ही इथली कामाची पद्धत! उंदरांशी तह. सिमेंट मागवलं.

गुरुवार, ७
एकूण एक बीळ बुजवलं. पाणी अडवून, पाण्याखालचीही. पंपचालक हाताची घडी घालून बघत होता. म्हणाला, बुजवा साहेब, राहायचं तुम्हाला आहे. भित्रा लेकाचा.
बायकोनं फोनवर विचारलं, बुजवताना ते आत होते की बाहेर? वकिलीण कुठची! आत असतील तर पुरायचे कष्ट वाचले.

शनिवार, ९
स्वयंपाकघरातली फरशी दबली. खालून खरवडल्याचा आवाज. ओट्यापाशी झाडूच्या काड्या तिरप्या कातरलेल्या, जुडी लावलेली. तिकडचं दार बंद झालं म्हणून मेले वर खणतायत.
सिमेंट फोडावं तर पंपचालक दात काढेल. बायकोला येऊ नको म्हणावं, तर कारण काय सांगू? उंदीर?

रविवार, १०
दोघी आल्या. जेवून आडव्या झाल्या. चहाला उठवायला गेलो, तर मुलीची एक वेणी नाही. उशीपाशी केसांचे तिरपे तुकडे, सारख्या लांबीचे, नीट रचलेले.
बायकोला म्हटलं, पोरीनंच कात्री चालवली. पोरीला रागावलो. नाही म्हणत रडली. तरी रागावलो.

सोमवार, ११
सकाळ. पलंगावर तिघं. दारापर्यंत जमीन नाही — खचली. खाली ओलं, तपकिरी, हलतंय. वही उशाशी होती, म्हणून —
बायको म्हणते, पंपचालकाला हाक मारा. खिडकीतून दिसतोय तो. त्याला? आणि काय म्हणू —
ती स्वतः ओरडायला लागली. तोंडावर हात ठेवला तिच्या.
पलंगाचा पाय कुरतड —
कलला.
मुलगी विचारते, बाबा, खाली काय आहे. म्हटलं, काही नाही गं. नुसते उं