आपल्या घराची उरलेली भिंत

प्रिय आई,

उद्या सकाळी आपल्या घराचं उद्घाटन आहे. घर म्हणजे वादळाने ठेवलं तेवढंच, समुद्राकडच्या खिडकीची एक भिंत आणि उंबरा. त्याला आता 'वादळ स्मारक' म्हणायचं. त्या वादळात तू याच घरात जीव सोडलास, म्हणून पडदा ओढायचा मान मला दिलाय. मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये बसून तुलाच लिहितेय, दुसऱ्या कुणाशी बोलले तर भांडणच होईल.

काल उत्तनला जाऊन बघून आले. भिंतीला मागून लोखंडी टेकू दिलेत, पायात सिमेंट ओतलंय, खाली पिवळे दिवे लावलेत. दर नाताळाआधी तू हाताने लावायचीस तो चुना मात्र खरवडून टाकलाय. विचारलं, तर कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, थोडा पुराना दिसायला पाहिजे ना. लोक फोटो काढायला येणार."

चुलीमागच्या भिंतीला तडा गेला तेव्हा दुरुस्तीच्या परवानगीसाठी तू किती खेपा घातल्यास, आठवतं? बोंबील वाळत टाकायचे आणि भर उन्हात भाईंदरच्या कार्यालयात जायला बस पकडायची. दर वेळी एकच उत्तर, किनाऱ्यावर एक वीटही लावता येणार नाही. एकदा तू तिथल्या साहेबांसाठी सुके बोंबील नेलेस. बोंबील तेवढे ठेवून घेतले त्यांनी. आणि आता त्याच किनाऱ्यावर गोण्याच्या गोण्या सिमेंट उतरलं, कुणी हूं की चूं केलं नाही.

राग तुझ्यावरही आहे माझा. वादळ आलं तेव्हा दादाने तुला चर्चच्या हॉलमध्ये सुखरूप आणून बसवलं होतं. परत का गेलीस? "घरात झावळी जाळली न्हाय अजून. आलेच मी," म्हणालीस. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून मंतरून आणलेली झावळी वादळात घरच्या चुलीत जाळायची, हे तुला तुझ्या आईने शिकवलेलं. हॉलच्या दारात जाळली असतीस तर देवाला चाललं नसतं का गं? तडा गेलेली भिंत त्या चुलीवरच आली.

फलकावर लिहिलंय, 'निसर्गापुढे माणूस हतबल असतो.' वाचून डोकं फिरलं माझं. तू हतबल झालीस ती त्या कार्यालयातल्या टेबलापुढे.

दादा म्हणतो, गप्प बस. स्मारकाजवळ त्याला सुक्या मासळीचा स्टॉल कबूल केलाय. "आय गेली ती परत येनार हाय का? मना पोरं हायत," म्हणाला. त्याचं खोटं नाही. मी तोंड उघडलं तर स्टॉल जाईल, आणि दादा माझं तोंड बघणार नाही. हे सगळं कळतंय मला.

तरी तुला शब्द देते. पडदा ओढेन, मग माईक मागून घेईन. समोर खुर्च्यांवर त्या कार्यालयातली तीच माणसं असतील. चुलीमागची भिंत वादळाने पाडली, ते मान्य. पण ती वेळेत सांधायची परवानगी कुणी नाकारली, हे सगळ्यांदेखत विचारेन, आणि उत्तर मिळेपर्यंत माईक सोडणार नाही.

तुझी,
रीटा