कोरसच्या चौदा ओळी

३ फेब्रुवारी
आज मीटिंगमध्ये बाजी मारली. युनिव्हर्सिटीच्या नाट्यविभागात ग्रीक शोकांतिका बसतेय, तमिळमध्ये. डायरेक्टर कीर्तना मॅडम म्हणाल्या, कोरस मात्र तंजावूर मराठीत हवा. राजपुत्र मरतो तिथे बायका रडतात, त्या चौदा ओळी कोण देईल? मी हात वर केला. सांगितलं, आमच्या घरी शोकगीतांची पोथीच आहे. असिस्टंट रजिस्ट्रारच्या अंगातही कला असते, हे कळू दे लोकांना. प्रयोगाच्या पुस्तिकेत नाव, आणि स्टेजवर व्हीसींच्या हस्ते शाल.

४ फेब्रुवारी
ट्रंक उघडली. पोथी नाही. विजेची बिलं आहेत, १९८७ पासूनची. हरकत नाही, स्वतःच लिहीन. उद्यापासून रोज पहाटे पाच ते सात.

९ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
आत्ताच उठलो. एक ओळ झालीय: हाय हाय राजपुत्रा. दुसरी सुचली, तीही हीच निघाली. डास फार झालेत.

१५ फेब्रुवारी
पापनाशमला शेषम्मा आत्याकडे गेलो. म्हटलं, लायब्ररी जुनी शोकगीतं जमवतेय. हे अगदीच खोटं नाही, सुचवलं तर जमवतीलही. आत्या म्हणाली, गीतें मला येत नाहींत रे, तुळजाराम गेला तेव्हां तोंडांतून आलें तेवढेंच. तुळजाराम तिचा एकुलता एक मुलगा, माझा आतेभाऊ. नऊ वर्षं झाली. मग भिंतीकडे बघत म्हणू लागली: बाळा, भात पाण्यांत घालून ठेविलाय, आंबेल रे, ऊठ. पुढे बरंच. मध्ये दोनदा थांबली. मी मोबाइल जवळ सरकवला. रेकॉर्डिंग क्लिअर आलंय. मोजून चौदा ओळी निघतात.

१८ फेब्रुवारी
ओळी ऐकून मॅडमचे डोळे भरले. म्हणाल्या, ग्रीसमध्ये भात चालेल का? मी म्हटलं, दुःखाला देश नसतो. त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. पोथी बघायला मागितली, तेव्हा मला एक अर्जंट फाइल आठवली. आत्याला खरं काय ते सांगायला हवं. रविवारी नक्की.

२३ फेब्रुवारी
रविवारी जमलं नाही. ऊन. पुस्तिकेचं प्रूफ आलं: मराठी रचना, वरुणराव. खाली बारीक अक्षरात आत्याचं नाव घालावं असं मनात आलं होतं. पण प्रिंटरला उगाच त्रास कशाला.

५ मार्च
माझी मुलगी नंदिता कोरसमध्ये आहे. तिला मराठी कळतं, बोलताना अडखळते. आज जेवताना म्हणाली, अप्पा, उच्चार नीट यावेत म्हणून मी पापनाशमच्या आजींना फोन केला. काय म्हणाल्या, विचारलं. म्हणाली, काही नाही, आधी सगळं माझ्याकडून म्हणवून घेतलं, मग चौदाही ओळी शिकवल्या. म्हणजे आत्याला आवडलेलं दिसतंय. मीच उगाच मनाला लावून घेत होतो. आता वेगळं सांगायचंही काही उरलं नाही.

११ मार्च
प्रयोग झाला. नंदिताने आत्याला आणून पहिल्या रांगेत बसवलं. वीस मुली ‘भात पाण्यांत’ म्हणाल्या आणि सगळा हॉल मुसमुसायला लागला. आत्या रडली नाही. तिचे ओठ हलत होते. मग मला शाल, टाळ्या, फोटो. पूर्वजांच्या ठेव्यावर दोन शब्द बोलणार होतो, कागद खिशात होता. आत्या माझ्याकडेच बघत होती. थँक्यू म्हणून खाली उतरलो. फार लाज वाटली.

१२ मार्च
आत्याला बसमध्ये बसवायला गेलो. माफीची तीन वाक्यं पाठ केली होती. पण तीच आधी बोलली. म्हणाली, वरुणा, काल किती माणसें रडलीं रे माझ्या लेकासाठीं. तो गेला त्या दिवशीं घरांत मी आणि शेजारचीं दोघें. तुला यायचें होतें, ऑफिसांत इन्स्पेक्शन होतें म्हणून राहिलें, ठाऊक आहे मला. मी म्हटलं, हो. बस सुटली.

इन्स्पेक्शन नव्हतं. मी घरीच होतो.