कानाची अट

३ जून, तळेगाव
सोमवारी मेडिकल. वजन, बीपी एकदम ओके. चोवीस वर्षं विमान उडवतोय, लायसन्स एकदाही अडकलं नाही. सारिका म्हणते, आधी कान दाखवा. हिला टीव्हीचा आवाज सोसत नाही, म्हणून माझे कान खराब!

५ जून
वराळ्याला आबांकडे गेलो. "आरं, कवाधरनं हाका मारतुय तुला!" म्हणाले. वय झालं. आवाज खोल गेलाय बिचाऱ्यांचा.

९ जून
डॉक्टर पाठीमागे उभे राहून कुजबुजले आणि म्हणे, ओळखा. कॉकपिटमध्ये कोण असं बोलतं? शेवटी अट घातली: श्रवणयंत्र लावूनच उड्डाण, दुसरं यंत्र जवळ ठेवायचं. कॅप्टनच्या कानात यंत्र? साफ नकार. अपील करणार.

११ जून
ही काडी ओंकारनेच घातली असणार. माझा को-पायलट. टॉवरने सांगितलेलं सगळं मला परत सांगत बसतो. भित्रा. सुधारेल म्हणून इतके दिवस सांभाळून घेतला.

१४ जुलै, सायं. ७
अपील बोर्ड. डॉक्टरबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलल्या. मी ठामपणे 'येस' म्हणालो. बाहेर आल्यावर कागद वाचला. त्यांनी विचारलं होतं, अट मान्य नाही, मग अनफिट लिहू का?
सहा महिने घरी.

२८ जुलै
यंत्र घेतलं. फक्त सारिकाची भुणभुण थांबावी म्हणून. केस वाढवतोय, झाकलं जाईल.

१७ ऑगस्ट
ओंकार पेढे घेऊन आला. कॅप्टन झाला. माझ्या रिकाम्या जागेवर! तासभर त्याला चार अनुभवाच्या गोष्टी सांगितल्या. मान खाली घालून ऐकत होता.
निघताना दारात सारिकाशी हळू आवाजात बोलला. मला ऐकू जाणार नाही, असं वाटलं असावं. "वहिनी, दोन वर्षं दोघांचं मीच ऐकत होतो. मार्चमध्ये टॉवरने थांबा सांगितलं, सर रनवेवर निघालेच होते. मी ब्रेक दाबला. कुणाला बोललो नाही."
सारिका म्हणाली, "माहितीये रे. घरी आम्हीही तेच करतो."
शब्द न् शब्द ऐकू आला.
यंत्र काढून डबीत ठेवलं. सारिका आत येऊन समोर बसली. बराच वेळ तिचे ओठ हलत होते.